पंधरा वर्षे एकाच दारात बसलेला वार्ताहर : खुलताबादचा अमीर हसन

मराठी पत्रकारितेचा इतिहास ६ जानेवारी १८३२ या तारखेपाशी, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’च्या पहिल्या अंकापाशी सुरू करण्याची प्रथा आहे. छापील वृत्तपत्रापुरती ती योग्यच म्हणावी लागेल. परंतु वार्ताहराचे मूळ काम छापखान्याहून कितीतरी जुने आहे. जिथे काही बोलले जाते, घडते, तिथे स्वतः जाऊन बसायचे. कान देऊन ऐकायचे. घरी परतल्यावर तारीख आणि वार घालून ते लिहून काढायचे. आणि हे एकदाच करून न थांबता वर्षानुवर्षे करत राहायचे. हे काम दक्षिण आशियात ज्यांनी सर्वांत आधी शिस्तीने केले, त्यांतला एक माणूस खुलताबादला चिरविश्रांती घेत आहे. वेरूळच्या लेण्यांच्या वरच्या पठारावरील या गावात येणारे बहुतेक जण औरंगजेबाची साधी कबर आणि मोठे दर्गे पाहून परततात. अमीर हसन सिज्झीच्या कबरीकडे वळणारे थोडे.

त्याचे पूर्ण नाव नजमुद्दीन हसन, वडील अला सिज्झी. ‘सिज्झी’ म्हणजे मूळचा सिस्तान प्रांताचा. जन्म १२५० च्या दशकातला, म्हणजे अमीर खुसरोचा तो समवयस्क. या दोघांची नावे फारसी काव्याच्या इतिहासात जोडीने येतात. खुसरो हा प्रचंड लिहिणारा, दरबारांतून दरबारांत सहज वावरणारा. हसन त्या मानाने संयमी, मोजका, गझलेत रमणारा. शिराझच्या सादीची आठवण व्हावी इतकी त्याची गझल नितळ असल्याने ‘हिंदुस्थानचा सादी’ हे बिरुद त्याला चिकटले. ‘तारीख-ए-फिरोजशाही’ लिहिणारा झियाउद्दीन बरनी या दोघांचाही स्नेही होता.

दोघांची कारकीर्द सुरू झाली ती मुलतानला, सुलतान बल्बनचा थोरला मुलगा शहजादा मुहंमद याच्या पदरी. साहित्यप्रेमी शहजादा, सीमेवरचे शहर आणि पलीकडे मंगोलांच्या टोळ्या. १२८५ साली मंगोलांशी झालेल्या चकमकीत शहजादा मारला गेला. खुसरो कैद झाला आणि पुढे निसटला. हसनने आपल्या धन्यावर शोकलेख लिहिला, पण कवी असूनही त्यासाठी गद्य निवडले. नंतरच्या इतिहासग्रंथांनी तो लेख जपून ठेवला. पुढे जे काम हसनच्या हातून होणार होते, त्याची चुणूक इथे दिसते. घटना जवळून पाहिलेला आणि तिच्यावर गद्यात लिहिण्याची तयारी असलेला कवी त्या काळी दुर्मीळ होता.

मधली वीस वर्षे भराभर ओलांडता येतात. दिल्लीत सत्ता बदलली, अलाउद्दीन खिलजी गादीवर आला, हसन सैन्यातील नोकरी आणि काव्य दोन्ही सांभाळत राहिला. १३०१ साली त्याने ‘इश्कनामा’ हे प्रेमकाव्य रचले. वय पन्नाशीच्या पुढे गेले आणि मग तो यमुनेकाठच्या गियासपूर वस्तीत शेख निजामुद्दीन औलियांचा मुरीद, म्हणजे शिष्य, झाला.

रविवार, ३ शाबान ७०७ हिजरी. इसवी सनाच्या हिशेबाने २८ जानेवारी १३०८. या दिवशी हसनने पहिली नोंद केली. शेवटची नोंद १३२२ सालची. मधल्या काळात शेखांच्या १८८ बैठका त्याने टिपल्या. हे सारे ‘फवाइद-उल-फुआद’ या नावाच्या पाच भागांच्या ग्रंथात एकत्र आले. १८८ हा आकडा पंधरा वर्षांवर पसरला की महिन्याला जेमतेम एक बैठक पडते. पण प्रत्यक्षात नोंदी इतक्या सारख्या अंतराने येत नाहीत. कधी लागोपाठ येतात, कधी दीर्घ खंड पडतो. लिहिणारा लष्करी चाकरीतला असल्याने फौज हलली की त्याला हलावे लागे. परतला की तो पुन्हा त्याच दारात येऊन बसे आणि नोंद जिथे तुटली तिथून पुढे चालू करी.

संतांच्या वचनांच्या अशा संग्रहांना फारसीत ‘मलफूजात’ म्हणतात. गुरूची वचने गोळा करण्याची चाल हसनच्या आधीही होती. हसनने तिला रोजनिशीचे रूप दिले. प्रत्येक बैठकीच्या आरंभी वार, तारीख, महिना आणि साल. त्यानंतर कोण आले, काय घेऊन आले, कोणी काय विचारले, शेख कोणत्या शब्दावर थांबले, कुठे हसले, कुठे त्यांचे डोळे भरून आले. विषयांना मुद्दाम लावलेला क्रम नाही. एका बैठकीत उपवासाची चर्चा असते, मग कोणीतरी आजाराची तक्रार करतो, त्यावरून एक गोष्ट निघते, गोष्टीवरून एखादा शेर, आणि शेवटी सगळे जेवायला बसतात. एकदा गर्दी एवढी होती की काही जणांना उन्हात बसावे लागले. सावलीतल्यांनी जरा सरकून घ्यावे, कारण ऊन त्यांना लागते आणि भाजून निघतो मी, अशा अर्थाचे शेख बोलले आणि हसनने तेही टिपले. त्यात ना कोणता सिद्धान्त आहे ना उपदेश. पण सातशे वर्षांनंतर त्या अंगणाची दाटी, ऊन आणि बोलणाऱ्याचा स्वभाव यांची कल्पना यावी, इतकी ताकद त्या एका तपशिलात आहे.

लिहिणाऱ्याची स्वतःची अडचणही नोंदीत डोकावते. एकदा हसनचा पगार अडला होता आणि तो खिन्न होता. शेखांनी त्याला एका ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. नगराच्या अधिकाऱ्याने त्या ब्राह्मणाची सारी मालमत्ता जप्त केली. वाटेत भेटलेल्या मित्राने कसे चालले आहे असे विचारताच तो म्हणाला, उत्तम. जानवे अजून माझ्यापाशीच आहे. गोष्ट संपवून शेखांनी हसनला अर्थ उमगला का, असे विचारले. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीचा एक सूफी आपल्या मुसलमान शिष्याचे सांत्वन ब्राह्मणाच्या जानव्याच्या गोष्टीने करतो आणि शिष्य ते जसेच्या तसे लिहून ठेवतो, ही बाब त्या काळाविषयीच्या अनेक ठोकळेबाज कल्पनांना अडचणीची आहे.

नोंदवहीचे गुपित उघड झाले तो प्रसंग ग्रंथाच्या पहिल्याच भागात येतो. वर्षभर हसन शेखांना न सांगता लिहीत होता. ७०८ हिजरीत, म्हणजे १३०९ च्या सुमारास, त्याने ते कबूल केले आणि सोबतचे कागद पुढे ठेवले. शेख रागावले नाहीत. आपणही तरुणपणी आपल्या गुरूंची, अजोधनच्या शेख फरीदांची वचने अशीच टिपत होतो, ही आठवण त्यांनी सांगितली. मग ते कागद वाचू लागले. मधे मधे कोऱ्या जागा दिसल्या. या का सोडल्या, असे त्यांनी विचारले. तिथले शब्द नीट ऐकू आले नाहीत किंवा नीट लक्षात राहिले नाहीत, असे हसनचे उत्तर होते. शेखांनी ते शब्द सांगितले आणि जागा भरल्या गेल्या.

हसनच्या साऱ्या कारकिर्दीत या कोऱ्या जागांइतके मोलाचे दुसरे काही नाही. तो कसलेला कवी होता. गुरूच्या तोंडी शोभेल असे वाक्य बनवून ती जागा भरणे त्याला क्षणाचे काम होते, आणि बहुधा कोणाच्या लक्षातही आले नसते. त्याने जागा मोकळी ठेवली. भक्तीच्या भरात लिहिणारे पुष्कळ असतात. न ऐकलेले न लिहिणारे फार थोडे.

याच काळात मराठी मुलखातही असे काम झाले होते, आणि तेही खुलताबादच्या पायथ्याशी जोडलेल्या परंपरेत. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा मुक्काम वेरूळला, महानुभाव ग्रंथांतील येळापूरला, झाला होता. त्यांच्या पश्चात इसवी सन १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते मराठीतील आद्य गद्यग्रंथांत गणले जाते. म्हाइंभटांची अडचण हसनहून निराळी होती. ज्यांच्या आठवणी गोळा करायच्या ते आता समोर नव्हते. त्यामुळे ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडून ते मिळवायचे, आठवणी ताडून पाहायच्या आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची खातरजमा करून घ्यायची, अशी पद्धत त्यांनी पत्करली. हसन प्रत्यक्षदर्शी, तर म्हाइंभट साक्षी जमवणारे. एकाचा मजकूर ज्यांच्याविषयी लिहिला त्यांनीच तपासला, दुसऱ्याचा मजकूर जिवंत साक्षीदारांनी. देवगिरीवर दिल्लीच्या फौजा चालून आल्या त्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवली आणि पुढे शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्याच दिल्लीच्या चाकरीत, देवगिरीच्या वाटेवर, कधीतरी हसनही होता. एका नोंदकाराचे कागद ज्या वावटळीत उडाले, त्याच वावटळीने दुसरा नोंदकार दख्खनला आणला.

हसन देवगिरीला आल्याची साक्ष त्याच्याच ग्रंथात आहे, आणि तो प्रसंग मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. हसनच्या चाकराचे नाव मलीह. देवगिरीत मलीहने पाच टंक देऊन एक मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. फौज दिल्लीकडे परतायला निघाली तेव्हा त्या मुलीचे आईबाप रडत आले. दहा टंक घ्या, पण पोर परत द्या, अशी विनवणी करू लागले. हसनचे मन हेलावले. त्याने स्वतःच्या पदरचे दहा टंक मलीहला दिले, मुलगी सोडवून आईबापांच्या हवाली केली आणि त्यांचे पैसेही त्यांना परत केले. दिल्लीला गेल्यावर त्याने हे शेखांच्या कानावर घातले आणि शेखांनी ते कृत्य योग्य ठरवले.

ही नोंद हसनच्या उदारपणासाठी सांगितली जाते. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र तिच्यातले बाकीचे तपशील अधिक बोलके वाटतात. देवगिरीत माणूस पाच टंकांना मिळत होता. फौजेतला साधा चाकरही गुलाम विकत घेऊ शकत होता. आणि पोर परत मिळावी म्हणून दुप्पट रक्कम गोळा करून फौजेच्या तळावर येण्याचे धाडस त्या दुःखी आईबापांनी केले होते. त्यांची नावे नोंदीत नाहीत, त्या मुलीचेही नाही. मलीहचे तेवढे आहे. दरबारी तवारिखांत विजय, खंडणी आणि हत्तींची मोजदाद सापडते. देवगिरीच्या एका घरावर त्या स्वारीत काय गुजरले, ते या भक्तिग्रंथाच्या एका कोपऱ्यात सापडते.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. ज्याच्याविषयी लिहायचे त्याचाच शिष्य झालेला वार्ताहर कितपत विश्वासार्ह? प्रश्न जुना आहे आणि आजही तो तसाच उभा आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलवर लिहिणाऱ्या वार्ताहरांची एक मोठी जमात आहे. एकेका विद्यापीठाच्या संघामागे ते वर्षानुवर्षे फिरतात. ड्यूक विद्यापीठात शिकत असताना तिथल्या विद्यार्थी-वृत्तपत्रातून लिहू लागलेला आणि पुढे ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये गेलेला जॉन फाइनस्टाइन हा त्यांतला प्रसिद्ध माणूस. १९८५-८६ चा संपूर्ण हंगाम त्याने इंडियाना विद्यापीठाच्या संघाबरोबर काढला. प्रशिक्षक बॉब नाइट यांनी त्याला खेळाडूंच्या खोलीपासून खासगी बैठकांपर्यंत सगळीकडे मोकळीक दिली. १९८६ मध्ये आलेले ‘अ सीझन ऑन द ब्रिंक’ हे त्याचे पुस्तक अफाट खपले, आणि आपल्या तोंडच्या शिव्या छापल्या म्हणून नाइट त्याच्यावर बिथरले. आत बसण्याची परवानगी मिळाली की तिची किंमत कुठेतरी मोजावी लागते. फाइनस्टाइनने ती पुस्तक आल्यानंतर मोजली. हसनने आधीच मोजली होती, कारण त्याचे कागद शेखांच्या नजरेखालून गेलेले होते.

त्याची खूण ग्रंथात दिसते ती मौनाच्या रूपाने. ज्या पंधरा वर्षांच्या या नोंदी आहेत, त्या काळात दिल्लीत काय काय घडले! १३१६ मध्ये अलाउद्दीन मरण पावला. त्याचा मुलगा मुबारक गादीवर बसला आणि शेखांशी उघड वैर धरू लागला. १३२० मध्ये मुबारकचा खून झाला, खुसरोखान काही महिने सुलतान झाला आणि त्याला मारून गियासुद्दीन तुघलक आला. त्याचेही शेखांशी पटेना. ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये या उलथापालथीबद्दल फार थोडे सापडते. शेखांना दरबाराचा विषय नको असे, हे त्याचे एक कारण. लिहिणाऱ्याची रोजीरोटी त्याच दरबाराच्या फौजेत होती, हे दुसरे कारण मानायला हरकत नसावी. त्यामुळे हा ग्रंथ वाचताना दुसऱ्या हाताशी बरनी ठेवावा लागतो. हसन खोटे सांगत नाही. पण सगळेही सांगत नाही.

तरीही तुलना केली की हसनचे पारडे जड होते, कारण त्याच्या ग्रंथाच्या आसपास खोट्या ग्रंथांचे पीक आले होते. आपण कोणतेही पुस्तक लिहिलेले नाही, असे शेख निजामुद्दीनांनी स्पष्ट सांगितले होते. तुमचे म्हणून एक पुस्तक मला कोणी तरी दाखवले, असे बैठकीत एकाने म्हटल्यावर त्यांनी ते तिथल्या तिथे नाकारले, आणि हसनने हा नकारही लिहून ठेवला. तरी पुढच्या काळात चिश्ती परंपरेतील प्रत्येक मोठ्या गुरूच्या नावावर वचनसंग्रह निघाले. मुईनुद्दीन चिश्ती, कुतुबुद्दीन बख्तियार काकी, शेख फरीद. कोणीच सुटले नाही. एक संग्रह तर अमीर खुसरोच्या नावावर खपवला गेला. १९५० साली अलीगढचे इतिहासकार मुहंमद हबीब यांनी एका गाजलेल्या निबंधात हे ग्रंथ एकेक करून तपासले. कालगणनेतील घोळ आणि अशक्य गाठीभेटी दाखवून त्यांतील बरेचसे बनावट ठरवले. त्या तपासणीत कसोटीचा दगड म्हणून वापरला गेला तो हसनचा ग्रंथ. बनावट संग्रहांत चमत्कार दाटीवाटीने येतात, तारखा मात्र एकमेकींना छेद देतात. हसनच्या नोंदीत तारखा जुळतात आणि शेख बहुतेक वेळ साध्या गोष्टी सांगत बसलेले असतात.

खुसरो म्हणे एकदा म्हणाला होता की माझे सारे ग्रंथ हसनच्या नावावर गेले आणि हा एक माझ्या नावावर आला तरी चालेल. ही आख्यायिका आहे आणि आख्यायिका म्हणूनच घ्यावी. बरनीचे म्हणणे मात्र समकालीनाचे आहे: शेखांच्या शिष्यवर्गात हे पुस्तक वागणुकीचा दंडक म्हणून वाचले जात होते.

एप्रिल १३२५ मध्ये शेख निजामुद्दीन गेले. त्याच वर्षी खुसरोही गेला. आणि १३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून दिल्लीतील प्रतिष्ठितांना, विद्वानांना आणि सूफींना तिकडे हलवायला सुरुवात केली. इब्न बतूताच्या सांगण्यानुसार ती चाळीस दिवसांची वाट होती. सत्तरी ओलांडलेला हसन त्या वाटेने निघाला. ज्या गावच्या आईबापांचे अश्रू त्याने एकदा नोंदवले होते, तेच आता त्याच्या मुक्कामाचे गाव झाले. दौलताबादला तो सुमारे दहा वर्षे राहिला आणि १३३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वारला. घाट चढून वरच्या पठारावर त्याला पुरले. त्या जागेला तेव्हा खुलताबाद हे नाव मिळालेले नव्हते. औरंगजेबाच्या दफनानंतर, अठराव्या शतकात ते रूढ झाले.

इथे त्याची कारकीर्द संपली, पण त्याने पाडलेला पायंडा मात्र दख्खनमध्ये रुजला. निजामुद्दीनांचे एक ज्येष्ठ शिष्य बुरहानुद्दीन गरीब हेही त्याच स्थलांतरात दौलताबादला आले होते. त्यांच्या भोवती काशानी घराण्यातले भाऊ जमले. वडिलांच्या नावापुढे ‘दबीर’ हा किताब होता, म्हणजे घरात दरबारी चिटणिसीची परंपरा. लेखणी हातात घेण्याची या मुलांना सवय होती आणि समोर हसनचा नमुना होता. रुक्नुद्दीन काशानीने १३३१-३२ पासून गुरूच्या निधनापर्यंत, १३३७ पर्यंत, तारीखवार नोंदी ठेवल्या. त्यांचे ‘नफाइस-उल-अनफास’ झाले. हम्माद काशानीने तारखा बाजूला सारून वचनांची विषयवार मांडणी केली आणि ‘अहसन-उल-अकवाल’ रचले: गुरूपुढे कसे बसावे, उपवास कसा करावा, पाहुण्याशी कसे वागावे. मज्दुद्दीनने ‘गराइब-उल-करामात’ लिहिले, त्यात गुरूच्या अद्भुत कृत्यांचीच गोळाबेरीज आहे.

एकाच घरातले तीन भाऊ, एकच गुरू, आणि तीन तऱ्हेचे लेखन. एकाने रोजचे वृत्त दिले, दुसऱ्याने व्यवहाराचे पुस्तक केले, तिसऱ्याने चमत्कार वेचले. यांतल्या तिसऱ्या तऱ्हेला लोकांत सर्वांत लवकर पसंती मिळते, आणि इतिहासाच्या उपयोगाला सर्वांत जास्त पहिली तऱ्हा येते. हे तेव्हाही खरे होते. हसन गेल्यावर पिढीच्या आतच त्याच्या पद्धतीला हे फाटे फुटले. मज्दुद्दीनला दोष देण्याचे कारण नाही, त्याने पाहिले-ऐकले तेच लिहिले असेल. पण ऐकू न आलेल्या शब्दासाठी कोरी जागा सोडण्याची गरज चमत्काराच्या कथेला सहसा पडत नाही.

रुक्नुद्दीनचा आणखी एक मोठा ग्रंथ, ‘शमाइल-उल-अतकिया’, सतराव्या शतकात मीरां याकूबने दख्खनी भाषेत आणला, आणि दख्खनी गद्याच्या जुन्या नमुन्यांत त्या भाषांतराचे नाव घेतले जाते. म्हणजे हसनने दिल्लीत फारसीत सुरू केलेली रीत तीनशे वर्षांनी खुलताबादच्या आसपासच्या माणसांच्या बोलीपर्यंत पोहोचली. विसाव्या शतकात अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी खुलताबादच्या दर्ग्यांचा इतिहास लिहिला तो मुख्यतः या काशानी बंधूंच्या नोंदवह्यांच्या आधारावर. त्यांचे पुस्तक १९९२ चे, आणि हसनच्या ग्रंथाचा ब्रूस लॉरेन्स यांनी केलेला इंग्रजी अनुवादही त्याच वर्षीचा.

खुलताबादला हसनच्या कबरीशेजारी आणखी एका लेखकाची कबर आहे. गुलाम अली आझाद बिलग्रामी, अठराव्या शतकात औरंगाबादला स्थायिक झालेला चरित्रकार आणि कवी. फारसी कवींची आणि विद्वानांची चरित्रे जमवण्यात त्याचे आयुष्य गेले. खुलताबादच्या संतांवर त्याने ‘रौजत-उल-औलिया’ हा ग्रंथ लिहिला तेव्हा जुन्या मलफूजातींचाच आधार घेतला. आपल्याला कुठे पुरले जावे हे त्याने हयातीतच ठरवून ठेवले होते. थोर संतांच्या दर्ग्यांच्या आवारात जागा मागण्याऐवजी त्याने हसनच्या जवळची जमीन निवडली, आणि १७८६ मध्ये त्याला तिथे पुरण्यात आले.